पंगतीचा भाव

आबा कुणालाही 'काय घेणार?' असं विचारत नसत. दारात माणूस दिसला की ते विचारत, "किती जन हाय?" समोरचा म्हणाला, "एकटाच," की त्यांचा चेहरा पडायचा. धंदा कमी झाला म्हणून नव्हे. त्या माणसाच्या घरी काहीतरी वाईट घडलं असावं अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "एकट्याचे दीडशे व्हतील. जरा थांब की. येतील अजून कोनतरी."

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कंपन्यांच्या भिंती सुरू होतात तिथे, त्यांची खानावळ होती. माझी आई तिथे भाकऱ्या थापायची, म्हणून मी त्यांना ओळखते. मी चिंचवडच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं लिहिता येतं असा आईचा समज आहे. मला तसं वाटत नाही. पण आबांबद्दल दुसरं कुणी काही लिहील असंही वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहिते. त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो.

आबा तिथल्या जुन्या गावातले. जमीन कंपन्यांसाठी गेली, रस्त्याकडेची एक पट्टी उरली, तिच्यावर त्यांनी पत्र्याची लांबलचक शेड घातली. टेबल-खुर्च्या आणल्या नाहीत. जमिनीवर सतरंज्यांच्या दोन पट्ट्या, समोरासमोर. गावाकडे लग्नात बसते तशी पंगत बसायची. येणारे सगळे कंपनीतले कामगार, पायात जड सेफ्टी शूज. ते दारात काढावे लागत. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातला काही वेळ बुटांच्या नाड्या सोडण्यात जायचा आणि काही आपला बूट शोधण्यात, कारण बूट सगळ्यांचे सारखेच. दारातून रोज कुणीतरी ओरडायचा, "अरे, माझा डावा कोण घालून गेला?" आबा म्हणायचे, "उजवाबी दे त्याला. एका बुटाचं त्यो काय करनार?"

आता भावाचं सांगते, कारण आबा म्हणजे तो भावच होता.

पंगत बसली की आबा शेडचं अर्धं दार ओढून घ्यायचे. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन, प्रत्येकाच्या डोक्याकडे बोट करत, मोठ्याने माणसं मोजायचे. आणि मोजून झाल्यावर त्या पंगतीचा भाव सांगायचे. शेड पूर्ण भरली तर ताट साठ रुपयांना. निम्मी भरली तर ऐंशीच्या पुढे. चार-पाचच जण असले तर शंभराहून जास्त. आणि एकटा असला तर दीडशे. ताट तेच. दोन भाज्या, डाळ, भात, भाकरी आणि कांदा. जेवढी गर्दी जास्त, तेवढं जेवण स्वस्त.

कुणी नवा माणूस वाद घालायला लागला की आबा त्याला चुलीपाशी आणायचे. आई भाकरी थापत बसलेली असायची. पातेल्याकडे हात करून ते म्हणायचे, "ह्या डाळीला फोडनी एकदाच बसती. एकासाठीबी तेवढाच ग्यास जळतो. ह्या बाईचा येळबी तेवढाच जातो. त्यो खर्च एकट्याच्या डोक्यावर टाकू का धा जनांत वाटू, तूच सांग."

"पण आबा, बाकी हॉटेलात एकच रेट असतो की."

"तितं हॉटेल असतं. हितं पंगत हाय. एकट्यानं जेवायचं म्हंजी चैन हाय बाबा. चैनीला पैसं पडत्यात."

या नेमामुळे खानावळीबाहेर एक वेगळीच रीत पडली होती. आधी आलेले लोक आत यायचे नाहीत. दारात उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्यांना हाका मारायचे. ओळखीची गरज नसायची. "ए भावा, जेवलास का? ये, ये, चारच कमी पडतायत!" "ओ टेम्पोवाले, लावा गाडी बाजूला!" हॉटेलवाल्यांनी गिऱ्हाईकाला बोलावलेलं सगळीकडे दिसतं. इथे गिऱ्हाईकच गिऱ्हाईक गोळा करायचं. मराठवाड्यातला, खानदेशातला, बिहारमधला, कुणीही असो, पंगत भरायला तो हवाच असायचा. आत आल्यावर आबा आणखी एक करायचे. एका गावची, एका खोलीतली माणसं शेजारी बसू द्यायचे नाहीत. "तुमी रातच्याला एकमेकांची तोंडं बघताच की. आता ह्याचं बघा," म्हणून मधे तिसऱ्यालाच बसवायचे. अशा शेजारांतून कुणाला राहायला खोली मिळाली, कुणाला नव्या कंपनीत काम लागलं. परभणीकडचा सुरेश आणि त्याचा बिहारी खोलीदार असेच एका सतरंजीवर भेटलेले.

सुरेश पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होता, कंत्राटावर. सडपातळ, बोलका. आबांची थट्टा करायची हिंमत फक्त त्याला होती. आबा मोजायला लागले की तो मुद्दाम दोन बोटं वर करायचा. "आबा, मला दोन मोजा. मी दोघांचं खातो."

"खातूस दोघांचं, काम अर्ध्याचं करतूस. तुला अर्धाच मोजतो," आबा म्हणायचे, आणि सगळी शेड हसायची.

एकदा दुपारी एक साहेब आला. टाय, गळ्यात कंपनीचं कार्ड, बाहेर गाडी. बहुतेक मोठ्या साहेबांच्या बैठकीतून भुकेला सुटलेला असावा. पंगत उठून गेली होती. आबांनी दीडशे सांगितले. त्याने लगेच पाकीट काढलं. त्याला ते स्वस्तच वाटलं असणार. पण आबांना चैन पडेना. "साहेब, समोर माल उतरवनारी पोरं हायत. त्यांना हाक मारा. शंभराच्या आत जेवाल."

"मला चालेल हो दीडशे."

"तुमाला चालंल. पर त्यांनी अजून खाल्लं न्हाई."

साहेबाने पाकीट परत खिशात ठेवलं. मग खरंच रस्त्यावर गेला आणि टाय सावरत त्या हमालांना म्हणाला, "अहो, जेवायला येता का? म्हणजे... रेट कमी होतो." ती पोरं आधी घाबरली, त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. मग हसत आली. साहेबाने बूट काढले, त्याच्या एका मोज्याला भोक होतं. एका हमालाने ते पाहिलं आणि काही न बोलता आपला पाय शेजारी ठेवला, त्याच्या मोज्याला दोन होती. आई ही गोष्ट अजून सांगते. सांगताना ती हसते, पण हल्ली शेवटपर्यंत सांगत नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला सरांनी मागणीनुसार किंमत शिकवली. शनिवार-रविवारी हॉटेलचे दर कसे चढतात, जेवणाच्या वेळेला ॲपवर जादा पैसे कसे लागतात, दुपारी रिकाम्या टेबलांवर सवलत का देतात, हे सगळं. सरांनी विचारलं, "तुमच्या आसपासचं उदाहरण?" मी वर्गात कधी बोलत नाही. माझं मराठी आईसारखं निघेल अशी भीती वाटते. पण त्या दिवशी मी उभी राहिले आणि आबांचं सांगितलं.

"म्हणजे गर्दी वाढली की भाव उतरतो?" सर म्हणाले.

"हो सर."

"आणि गर्दी कमी झाली की?"

"चढतो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते जरा विचार करून म्हणाले, "चांगले दिवस असतील तोवर हे सुंदर चालेल. पण एक वाईट वर्ष आलं तर? माणसं कमी, म्हणून भाव जास्त. भाव जास्त, म्हणून माणसं आणखी कमी. तुझे आबा त्यातून बाहेर कसे येणार?"

संध्याकाळी मी ते आबांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "तुझं सर शानं दिसत्यात. जेवाय घिऊन ये त्यांना. पर एकट्याला आनू नको."

आबांचा एक भाचाही होता, आयटीत. दिवाळीत यायचा आणि शेडच्या दारात उभा राहून फोनवर काहीतरी बघत बसायचा. त्याला मामाची काळजी होती, हे मला नक्की सांगता येईल. तो वाईट मुलगा नव्हता.

"मामा, तुम्ही सगळं उलटं चालवताय. शिफ्ट सुटते तेव्हा माणसाला भूक लागलेली असते, वेळ नसतो. तो तेव्हा दहा रुपये जास्त देईल. दुपारी कुणी नसतं, तेव्हा कमी लावा. सगळं जग तेच करतं."

"म्हंजी ज्याची नड हाय त्याच्याकडनं जास्त घ्यायचं."

"नड नाही हो, मागणी."

"आन् ज्याला नड न्हाई, त्याला सस्त द्यायचं."

"तसं नाही म्हणता येत..."

"मंग कसं म्हनायचं? शिकीव की मला."

भाच्याने फोन खिशात टाकला. "मामा, तुम्ही बुडाल."

"बुडालो तर बुडालो. तू जेवून जा. अजून सात जन आलं की बसवतो."

तेव्हा पंगती भरत होत्या, त्यामुळे हे सगळं विनोदासारखं वाटत होतं.

मग समोरच्या कंपनीतली उत्पादनाची एक लाईन बंद झाली. का, ते आम्हाला कळलं नाही. ऑर्डर कमी झाल्या असं कुणी म्हणे, काम दुसऱ्या राज्यात गेलं असं कुणी म्हणे. आमच्याकडे कंत्राटी कामगाराला काढलं असं म्हणत नाहीत, 'ब्रेक दिला' म्हणतात, जणू तो थोडा वेळ चहा प्यायला गेलाय. त्या महिन्यांत खूप जणांना ब्रेक मिळाला. दुसरी शिफ्ट थांबली. उरलेल्यांना ओव्हरटाइम मिळेना. आबांच्या सतरंजीची एक पट्टी रिकामी राहायला लागली, आणि आबा पूर्वीसारखेच मोजून, पूर्वीसारख्याच मोठ्या आवाजात भाव सांगायचे. फक्त आता तो भाव ऐकून कुणीतरी हळूच उठायचं. तो उठला की आबांना परत मोजावं लागायचं, आणि भाव आणखी चढायचा.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते रस्त्यापलीकडचं उभं राहणं. कामगार हुशार होते. चार-पाच जण असताना आत गेलं तर महाग पडतं, म्हणून ते पलीकडे विजेच्या डीपीच्या सावलीत थांबायचे. आणखी कुणी येतंय का बघायचे. मला परीक्षेची सुट्टी होती, मी आईला मदत करायला जायचे, तेव्हा दारातून दिसायचं. ते तिकडे उभे, आबा इकडे दारात उभे. मधून कंटेनर जायचे. कुणी कुणाला हाक मारायचं नाही. पूर्वी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ओढून आणणारी हीच माणसं आता नुसती घड्याळ बघायची, कारण हाक मारायला रस्त्यावर कुणी नसायचं. अर्धा तास संपत आला की त्यांतला एकजण कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडापाव आणायचा. उभ्याउभ्याच खाऊन ते गेटातून आत जायचे. आईच्या भाकऱ्या टोपलीत तशाच राहायच्या.

एक दिवस आईने हात धुतले आणि आबांसमोर जाऊन उभी राहिली. "आबा, एकच भाव ठेवा. ऐंशी म्हणा, काहीबी म्हणा. लेकरं दारातून उपाशी परत चालले."

"उपाशी कुठं? वडापाव खात्यात की."

"कामून असं करता?"

आबांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक भाव केला की मी हॉटेलवाला झालो, बाई. मंग कोन कुनासाठी थांबंल?"

"आता तरी कोण थांबतंय?"

"त्ये बघ की," आबांनी पलीकडे बोट केलं. "थांबल्यात."

आई परत तव्यापुढे जाऊन बसली. पण दुसऱ्या दिवशी सात-आठ जण आत आले तेव्हा आबा मोजायला लागले, आणि मोजता मोजता थबकले. सतरंजीच्या शेवटी पदर सावरून आई बसली होती. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"तू कशापाई बसलीस?"

"मोजायला माणूसच लागतो ना, आबा? मग मी माणूस नाही का? माझी पोर नाही का?"

आबांनी आमच्याकडे पाहिलं. मग बोट पुढे नेलं आणि आम्हाला मोजलं. भाव थोडा उतरला. लोक हसले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. आबांची अट एकच होती, मोजलेला माणूस जेवलाच पाहिजे. नुसतं बसून चालायचं नाही. म्हणून आम्ही जेवलो. पुढच्या पंगतीला परत बसलो, परत जेवलो. दोन-तीन दिवसांनी आबा स्वतःही बसायला लागले. इतकी वर्षं ते सगळे उठल्यावर एकटेच चुलीपाशी काहीतरी खायचे. आता ते दार ओढून, सगळ्यांना मोजून, शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आकडा म्हणायचे आणि खाली बसायचे.

सुरुवातीला याचीही थट्टा झाली. "काकू, आज कितव्यांदा?" "काकू, भूक लागली का रेट चढला?" आई हसायची. पण तिला ते जड व्हायला लागलं होतं. तव्यापुढे तासन्‌तास बसायचं, उठून पंगतीत जेवायचं, परत तव्यापुढे. तिला खाल्लेलं पचेना. रात्री घरी ती पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. आणि आबांचं गणित तर मला समोर दिसत होतं. दर पंगतीला आमची तीन ताटं त्यांच्याच खिशातून जात होती.

सुरेशच्या ते लक्षात आलं. तो पंगतीत कमी बोलायला लागला होता. एक दिवस जेवण अर्ध्यावर असताना तो म्हणाला, "आबा, तुमी आमाला फुकट खाऊ घालायलात. फक्त सांगत नाहीत, एवढंच."

"फुकट कुठं? पैसं घेतो की."

"काकू दोनदा जेवती ती काय भुकेनं?"

आईने घास खाली ठेवला. आबा म्हणाले, "पंगतीत बसल्यालं मोजावंच लागतं."

"आमच्यापायी बाईमाणसाला आजारी पाडायलोत आपण," सुरेश म्हणाला. तो रागाने बोलत नव्हता. त्याने ताट स्वच्छ केलं, पैसे दिले, बूट घातले. त्याच्यामागून बाकीचेही एकेक करून उठले.

त्यानंतर त्यांनी यायचं बंद केलं. भांडण झालं नव्हतं. रस्त्यात भेटले की ते आबांना नमस्कार करायचे, आईची चौकशी करायचे. त्यांना लाज वाटत होती. डीपीच्या सावलीतसुद्धा ते थांबेनासे झाले, कारण तिथे थांबलेलं आबांना दिसतं. आई म्हणाली, "मीच बसायला नको होतं." आबा म्हणाले, "तुझं काय चुकलं न्हाई." पण भाव बदलू या असं ते त्याही दिवशी म्हणाले नाहीत.

मग एका दुपारी सुरेश एकटा आला. खांद्याला बॅग होती, हातात पिशवी, पिशवीतून सेफ्टी शूजची टोकं बाहेर आलेली. पायात चप्पल होती. त्याला पाहिल्याबरोबर आम्हाला कळलं.

"ब्रेक दिला?" आबांनी विचारलं.

"सकाळीच. संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं चाललो. म्हटलं, जेवून जावं."

"बस." आबांनी आईला खूण केली. आणि ते बाहेर गेले. आधी मला कळेना कशाला. मग दारातून पाहिलं. आबा रस्त्याच्या कडेला उभे राहून माणसं बोलावत होते. पंक्चरवाल्याला म्हणाले, "चल, जेवाय चल." तो म्हणाला, "आबा, आत्ताच डबा खाल्ला." एका रिक्षाला हात केला, ती थांबली नाही. एक टेम्पो हळू झाला, आबा काचेत तोंड घालून काहीतरी बोलले, ड्रायव्हरने मान हलवली आणि तो निघून गेला. गेटवरच्या वॉचमनला त्यांनी हाक मारली. तो ड्युटी सोडून कसा येणार? मी आबांना एवढ्या घाईत कधी पाहिलं नव्हतं. उन्हात त्यांची टोपी मागे सरकली होती आणि ते ज्याला-त्याला म्हणत होते, "पैसं नगं देऊ, नुसता बस. नुसता बस."

आत सुरेश हे सगळं ऐकत होता. तो मान खाली घालून बसला होता.

आबा परत आले. अर्धं दार त्यांनी सवयीने ओढलं. मग मोजायला लागले. सुरेशकडे बोट केलं, आईकडे केलं. सुरेश म्हणाला, "काकूला मोजू नका, आबा. पोरीलाबी नका. तुमीबी बसू नका."

"तुझं काम गेलंय, लेका."

"म्हणूनच म्हणतो. आज कुणी माझ्यासाठी कमी घेऊ नये."

आबांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. साठ म्हणा, राहू दे म्हणा, गावाहून परत येशील तेव्हा दे म्हणा. पण साठ म्हटलं असतं तर सुरेश न जेवता उठला असता, हे त्या शेडमधल्या आम्हा चौघांनाही माहीत होतं. आबांनी हात खाली घेतला. "एक जन," ते म्हणाले. "दीडशे." नेहमी सगळ्या शेडला ऐकू जाणारा आवाज, तो त्या दिवशी चुलीपर्यंतसुद्धा आला नाही. मी त्यांच्या ओठांवरून ओळखलं.

सुरेश सावकाश जेवला. लांबलचक रिकाम्या सतरंजीवर एका टोकाला. आईने गरम भाकरी वाढली, कांदा फोडून दिला. त्याने पैसे दिले, आबांनी घेतले. सुरेश त्यांच्या पाया पडला, आईच्या पडला, बॅग उचलली आणि चाकणच्या दिशेने चालत गेला. आबा ते पैसे मुठीत धरून दारात उभे होते. थोड्या वेळाने ते आत आले, सतरंजी एका टोकाकडून गुंडाळायला लागले. आईने दुसरं टोक धरलं. गुंडाळून झाल्यावर आबा म्हणाले, "उद्या पीठ आनू नको, बाई."

शेड आता टायरवाल्याला भाड्याने दिली आहे. आम्ही चिखलीला राहायला गेलो. आई तिथल्या एका किचनमध्ये भाकऱ्या करते. किचन म्हणजे शटरच्या आत ओळीने गॅस, बाहेर पाटी नाही, बसायला जागा नाही. फोनवर मागणी येते, डबे भरले जातात, हेल्मेट घातलेली मुलं ते घेऊन जातात. माझ्या मैत्रिणीच्या फोनवर मी एकदा आईची भाकरीची थाळी बघितली. संध्याकाळी बघितली तेव्हा दुपारपेक्षा महाग होती. मॅच असली की आणखी चढते. आईचा पगार चढत नाही, पण वेळेवर मिळतो. माझं कॉलेज त्यावर चाललंय, म्हणून मी त्या किचनला नावं ठेवत नाही.

मागच्या महिन्यात आई आणि मी आबांना भेटायला त्यांच्या गावच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. वाळले होते. सुनेने चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, सुरेशचं कुणालाच काही कळलेलं नव्हतं. उठायच्या वेळेला आईने विचारलं. मला वाटतं, हे विचारायलाच ती आली होती.

"आबा, एक भाव ठेवला असता तर चाललं असतं का हो?"

आबांनी लगेच उत्तर दिलं. त्यांनी याचा विचार आधीच करून ठेवला असावा. "चाललं आसतं की. भाचा बुडाल म्हनत व्हता, त्ये खरंच व्हतं. पर मंग समदी एकएकटी आली आसती, खाऊन गेली आसती. कोन कुनाचं हाय, ह्ये इचारायचं कामच पडलं नसतं."

आई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. तिने आबांकडे पाहिलं नाही.

"जेवले तर असते, आबा," ती म्हणाली.